हजेरीपटावरील नाव : दादाजी खोब्रागडे यांचे स्मरण



रोपे, कलमे आणि बियाणे तयार करून इतरांना देणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे असते, हे एखाद्या दिवंगत व्यक्तीच्या निमित्ताने सांगावे, असा विषय चालकांनी मला दिला. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. हमाल, मापाडी आणि शेतमजूर यांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते मोंढ्यात, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि गावोगावच्या वाचनालयांत झाले. तेव्हा मी बोलणार ते कामगाराच्या नजरेने. काम कोणी केले, त्याचे मोल कोणाला मिळाले आणि हजेरीपटावर नाव कोणाचे चढले, हे तीन प्रश्न विचारण्याची मला सवय आहे. तेच आज मी एका शेतकऱ्याच्या चरित्राला विचारणार आहे.

त्या शेतकऱ्याचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. नांदेड म्हटल्याबरोबर आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोदाकाठ उभा राहिला असेल. पण हे नांदेड ते नव्हे. हे चंद्रपूर जिल्ह्यातील, नागभीड तालुक्यातील एक लहानसे खेडे. तो सगळा मुलूख झाडीपट्टीचा. जंगल जवळ, तळी पुष्कळ, आणि भात हेच मुख्य पीक. आपल्याकडे जसे ज्वारी-कापसावर घर उभे राहते किंवा कोसळते, तसे तिकडे भातावर. दादाजी दलित समाजातले, इयत्ता तिसरीपर्यंत शिकलेले, आणि जमीन म्हणाल तर दीड एकराच्या आसपास. अशा माणसाने भाताचे एक वाण शोधले आणि ते महाराष्ट्राची सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांतही पिकू लागले. हे कसे घडले ते आधी पाहू.

कोणी म्हणेल, तुम्हांला विषय दिला रोपवाटिकेचा आणि तुम्ही भात पिकवणाऱ्याचे काय सांगता? पण भाताची शेती ही मुळात रोपवाटिकेचीच शेती आहे. तिकडे भात आपल्या तुरीसारखा सहसा थेट तिफणीने पेरून मोकळे होत नाहीत. आधी एका लहान तुकड्यात दाट बी टाकून रोपे वाढवायची, तिकडे त्याला 'पऱ्हे' म्हणतात. मग ती उपटून चिखल केलेल्या बांधीत हाताने लावायची, तिला 'रोवणी' म्हणतात. म्हणजे असा प्रत्येक भात-शेतकरी वर्षातले काही आठवडे रोपवाटिकाच चालवीत असतो. रोप कसे निपजले, कोणते इतरांहून वेगळे, कोणते लवकर निसवले, हे ओळखण्याची नजर त्याला तेथेच मिळते. दादाजींजवळ ही नजर असामान्य होती.

१९८३ सालची गोष्ट. त्यांच्या शेतात 'पटेल-३' नावाचे, त्या काळी चालणारे भाताचे वाण उभे होते. त्या उभ्या पिकात त्यांना तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण वेगळी. आता असे पाहा, उभ्या पिकात वेगळे रोप दिसणे ही काही दुर्मिळ घटना नाही. आपल्या ज्वारीच्या रानातही दरवर्षी एखादे कणीस वेगळे दिसते. आपण पाहतो, 'भेसळ आहे' म्हणतो, आणि कापणीत ते इतरांबरोबर खळ्यावर जाते. दादाजींनी ते खळ्यावर जाऊ दिले नाही. त्या लोंब्या त्यांनी वेगळ्या तोडून जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात त्यांचे दाणे शेताच्या मधोमध वेगळे लावले. जंगल जवळ, रानडुकरांचा उपद्रव मोठा. म्हणून त्या इवल्याशा तुकड्याभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले.

यामागचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. भाताचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते. बाजरीसारखा त्याचा पराग वाऱ्यावर दूर जाऊन संकर सहसा होत नाही. म्हणून भाताच्या एखाद्या लोंबीत निसर्गाने काही बदल घडवला असला, तर तिच्या दाण्यांतून तो गुण पुढे उतरण्याची शक्यता चांगली असते. पण लगेच शंभर टक्के नव्हे. पहिल्या एकदोन पिढ्यांत पुन्हा काही रोपे उंच, काही बुटकी, काही उशिरा येणारी अशी निघतात. ती दरवर्षी उपटून टाकावी लागतात, मनाजोगती तेवढी राखावी लागतात, त्यांचेच बी पुन्हा लावावे लागते. असे चारपाच हंगाम केले, म्हणजे कुठे सारखे पीक उभे राहते. शास्त्रज्ञ याला निवड पद्धत म्हणतात. तिला प्रयोगशाळा लागत नाही; मात्र डोळा लागतो, धीर लागतो, आणि मुख्य म्हणजे त्या तुकड्यात खाण्याचे धान्य घेण्याऐवजी प्रयोगाचे धान्य घेण्याची तयारी लागते. ज्याच्याजवळ शंभर एकर आहेत त्याने चार गुंठे प्रयोगाला दिले, तर त्याच्या ताटात काही कमी होत नाही. दीड एकरवाल्याने दिले, तर ते घरच्या घासातून दिलेले असतात.

काही वर्षांच्या निवडीनंतर जे भात हाती आले त्याचा दाणा बारीक, शिजल्यावर चव चांगली, आणि उतारा मूळ वाणाहून सरस. शेजाऱ्यांनी बी मागितले, दादाजींनी दिले. हळूहळू ते भात बाजारात गेले. पण त्याला नाव नव्हते. ज्याने शोधले त्याने नाव ठेवले नव्हते, आणि बाजारात बिननावाचा माल खपत नाही, हे आमच्या मोंढ्यातले कोणतेही पोर सांगेल. तेव्हा बाजारानेच त्याला नाव दिले 'एच. एम. टी.'. त्या काळी एच. एम. टी. च्या मनगटी घड्याळाची चलती होती. सरकारी कारखाना, बंगळूरला १९६१ साली जपानी सहकार्याने सुरू झालेला. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचे तर एच. एम. टी. चेच, अशी प्रतिष्ठा. तेव्हा उत्तम भाताला उत्तम घड्याळाचे नाव मिळाले. पुढे काळ फिरला. २०१६ साली सरकारने तो घड्याळाचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. घड्याळ गेले, भात राहिला. पण त्या भाताच्या पोत्यावर दादाजींचे नाव तेव्हाही नव्हते. आजही किराणा दुकानात 'एच. एम. टी. तांदूळ द्या' म्हणणाऱ्या किती जणांना ते नाव ठाऊक आहे, हे आपणच आपल्या मनाशी पाहावे.

१९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मंडळींनी दादाजींकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेले. १९९८ साली विद्यापीठाने 'पी. के. व्ही. - एच. एम. टी.' या नावाने वाण प्रसारित केले. विद्यापीठाचे म्हणणे असे, की मूळ बियाण्यात भेसळ होती, ती काढून आम्ही ते शुद्ध केले. दादाजींचे म्हणणे असे, की वाण माझे आहे आणि त्याचे श्रेय मला मिळाले नाही.

या वादात मी न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. शुद्धीकरण, निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्या, पायाभूत बियाणे तयार करणे, ही कामे खरी आहेत, कष्टाची आहेत आणि आवश्यकही आहेत. आपण परभणीकर, १९७२ साली आपल्याकडे कृषी विद्यापीठ झाले, आणि 'परभणी क्रांती' ही तिथली भेंडी देशभर गेली, याचा आपल्याला अभिमान आहे. शास्त्रज्ञाच्या कामाला कमी लेखणारा मी नव्हे. परंतु कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. गिरणीत कापड निघते, तेव्हा अभियंत्याने यंत्र बसवले म्हणून विणकराचे काम पुसले जात नाही. दोघांचीही नावे हजेरीपटावर असतात. वेतन निराळे असेल, पण नाव दोघांचे असते. बियाण्याच्या बाबतीत मात्र दुसऱ्या पाळीचे नाव लागले आणि पहिल्या पाळीचे गळाले. माझी तक्रार एवढीच आहे.

नंतर मान आला, तोही सांगितला पाहिजे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान या अहमदाबादच्या संस्थेने त्यांचे काम नोंदवले आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली अमेरिकेच्या 'फोर्ब्स' नियतकालिकाने ग्रामीण भारतातील कर्तबगार उद्यमींच्या यादीत त्यांचे नाव घातले. राज्य सरकारनेही पुरस्कार देऊन सुवर्णपदक दिले; पण पुढे अडचणीच्या दिवसांत ते विकावयास नेले, तेव्हा सोने कसाला उतरले नाही, अशी बातमी वर्तमानपत्रांतून आली आणि सगळ्यांनाच मान खाली घालावी लागली. पदक खोटे निघाले हे वाईटच. पण मला अधिक वाईट वाटते ते हे, की पदक विकण्याची पाळी यावी. हजारो एकरांत ज्याचे भात डोलते, त्याच्या घरी औषधाला पैसा नाही, हे कोणत्या हिशेबात बसते?

एवढे होऊनही त्यांनी काम थांबवले नाही, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच. एच. एम. टी. हा काही नशिबाचा एकच डाव नव्हता. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डी. आर. के. अशी आणखी वाणे त्यांनी त्याच पद्धतीने निवडली. नावे नीट ऐका. एकदा बाजाराने नाव ठेवले, त्यानंतर पुढच्या वाणांत त्यांनी आपले गाव घातले, आणि 'डी. आर. के.' या अक्षरांत दादाजी रामाजी खोब्रागडे उभे आहेत. तिसरी शिकलेल्या माणसाने हजेरीपटावर आपल्या हाताने सही केली, असे मी याला म्हणतो.

३ जून २०१८ रोजी, दीर्घ आजारानंतर, गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिले, पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. आपल्या समाजाची ही जुनी खोड आहे. जिवंतपणी दार उघडायचे नाही आणि मेल्यावर तोरण बांधायचे.

हा केवळ आपल्याकडचाच प्रकार आहे असे समजू नका. अमेरिकेत ल्यूथर बरबँक नावाचा एक जगप्रसिद्ध रोपवाटिकाकार होऊन गेला. जन्म १८४९, मृत्यू १९२६. तरुणपणी त्याला आपल्या बटाट्याच्या वेलावर एक फळ दिसले. त्यातून तेवीस बिया निघाल्या; त्या लावून त्याने एक उत्तम वाण निवडले. ते वाण त्याने एका बियाणे व्यापाऱ्याला दीडशे डॉलरला विकले आणि १८७५ साली कॅलिफोर्नियात सांता रोझा येथे जाऊन रोपवाटिका थाटली. त्याच बटाट्याचा एक पोटप्रकार आजही अमेरिकेत सर्वांत अधिक पिकणाऱ्या बटाट्यांत आहे. बरबँकने जन्मभर शेकडो वाणे काढली. एका गिऱ्हाइकाने एकाच हंगामात वीस हजार आलुबुखाऱ्याची रोपे मागितली, तेव्हा झपाट्याने वाढणाऱ्या बदामाच्या खुंटांवर डोळे भरून त्याने ती पुरी केली. पण नव्या वाणावर निर्मात्याचा हक्क सांगणारा कायदा तेथे झाला १९३० साली, म्हणजे तो मेल्यावर चार वर्षांनी. आणि त्या कायद्यातून कंदाने वाढणारी पिके वगळली होती. म्हणजे बटाट्याला तो लागूच नव्हता! फरक एवढाच, की बरबँकचे नाव बटाट्याला तरी चिकटून राहिले.

आता कोणी विचारील, आपल्या देशात कायदा नाही काय? आहे. २००१ साली संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यातली दोन कलमे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असावीत. एक, शेतकऱ्याने नवे वाण काढले असेल, तर कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या पैदासकाराप्रमाणेच त्यालाही ते आपल्या नावाने नोंदवता येते. दुसरे, आपल्या शेतातले बियाणे राखणे, पेरणे, शेजाऱ्याशी अदलाबदल करणे, विकणे, हा शेतकऱ्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील पिशवीत, नाममुद्रा लावून विकता येत नाही. कायदा चांगला आहे. पण चळवळीत आम्ही हेही शिकलो, की कायदा हा विहिरीसारखा असतो. पाणी आहे म्हणून घागर आपोआप भरत नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्याला एक ठरावीक मालक नाही, अशा हमालालाही भविष्य निर्वाह निधी मिळावा, ही त्यातली मोठी गोष्ट. पण जेथे संघटना नव्हती तेथे तो कायदा वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यालाही मालक नाही, हजेरीपट नाही, आणि संघटना तर नाहीच नाही.

आपल्या भागाचे पाहू. शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, आपल्याकडेही आहेत. मोसंबीचे रोप म्हणजे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेला डोळा. तो डोळा कोणत्या झाडाचा, हे गिऱ्हाइकाला रोप पाहून कळत नाही. कळते ते काही वर्षांनी, झाड फळाला आल्यावर. तोपर्यंत सगळा व्यवहार विश्वासावर. मातृवृक्ष नीट राखणारा रोपवाटिकाकार म्हणजे पुढच्या वीस वर्षांच्या बागेचा जामीनदार. आणि तो डोळा प्रत्यक्ष भरतो कोण? शेकड्यावर मजुरी घेणारा, वाकून वाकून पाठ धरलेला मजूर. त्याच्या बोटांत जे कौशल्य आहे ते कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी द्राक्षाच्या बागेत वेगळी फांदी हेरली आणि 'सोनाका' वाण निघाले. अशी नजर असलेली माणसे या फाट्याच्या पंचक्रोशीतही असतील. आपल्या आया-आज्या ज्वारीची निवडक कणसे आढ्याला टांगून बी राखीत, तेही हेच शास्त्र होते. त्यांतली किती वाणे त्यांच्याबरोबर गेली, याची नोंद कोणाजवळ आहे?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली, प्रत्येक ग्रामपंचायतीत किंवा सेवा सोसायटीत एक वही ठेवा. कोणी वेगळे वाण राखले असेल, तर त्याचे किंवा तिचे नाव, साल, शेत आणि त्या पिकाचा गुण तीत लिहा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. दुसरी, बी कोणालाही द्या, देणे हा आपला धर्म आहे. पण नेणारा व्यापारी असो, कंपनी असो की सरकारी संस्था असो, पाच किलो असो की पाच मुठी असोत, पावती घ्या. हमाल जसा वजनाची चिठ्ठी घेतल्याशिवाय पोते उतरू देत नाही, तसे. तिसरी, ज्याचे वाण टिकले त्याला ते नोंदवण्याच्या कामी मदत करा. शेतकऱ्याला या नोंदणीत शुल्काची माफी आहे. अडते ते अर्ज भरण्यापाशी, आणि अर्ज भरणारी माणसे या सभेत बसलेली मला दिसत आहेत. चौथी, डोळे भरणाऱ्या आणि रोपे वाढवणाऱ्या मजुरांची नावे त्या वहीत घालण्यास विसरू नका.

दादाजींचा पुतळा उभारा, असे मी म्हणणार नाही. पुतळ्याला दरवर्षी एक हार पुरतो आणि आपली सुटका होते. त्यापेक्षा येत्या खरिपात आपापल्या रानात फिरताना जे ताट, जी लोंबी, जी शेंग वेगळी दिसेल, तिच्यापाशी घटकाभर थांबा. ती वेगळी तोडा, कापडाच्या पुरचुंडीत बांधा, वर साल लिहा आणि आपले नाव लिहा.